जागतिक बँक, एडीबी, एआयआयबीमध्ये भारताचा पैसा : मंजुरी कोण देतं, तो जातो कसा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पोकरा, स्मार्ट, केम, मॅग्नेट या शेती प्रकल्पांची नावं विदर्भातल्या बहुतेक कास्तकारांच्या कानावरून गेलेली आहेत. या प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या संस्थांमध्ये भारत स्वतः मालक आहे आणि त्या मालकीसाठी आपल्याच करातून पैसे भरतो. ही दुसरी बाजू गावात फारशी बोलली जात नाही. ग्रामपंचायत सदस्य, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि बचतगटांच्या ताई यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

देश विकास बँकेत "पैसे भरतो" म्हणजे नेमकं काय करतो?

दोन वेगळ्या गोष्टी करतो, आणि बातम्यांत त्यांची नेहमी सरमिसळ होते.

पहिली गोष्ट म्हणजे भागभांडवल. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीत जसा भाग घेतल्याशिवाय सभासद होता येत नाही, तसंच इथेही आहे. फरक एवढाच की इथे भागाची सगळी रक्कम रोख भरावी लागत नाही. थोडा हिस्सा भरणा झालेलं भांडवल असतो आणि उरलेला हमीचा, म्हणजे बँक अडचणीत आली तरच मागता येणारा.

आकडे पाहिले की हे स्पष्ट होतं. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला जागतिक बँक ठरली तेव्हा भारताच्या वाट्याला ४० कोटी डॉलरचे भाग आले. त्या वेळी नियम असा होता की २ टक्के सोन्यात किंवा डॉलरमध्ये, १८ टक्के स्वतःच्या चलनात आणि बाकी ८० टक्के हमी. त्या परिषदेतल्या भारतीय शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होण्याआधी त्यांची आयसीएस या ब्रिटिशकालीन सनदी सेवेतली बरीच वर्षं मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कारभारात गेली होती. पुढे हमीचा वाटा वाढतच गेला. २०१८ च्या भांडवलवाढीत जागतिक बँकेच्या मुख्य शाखेचं, म्हणजे आयबीआरडीचं, भांडवल ६०.१ अब्ज डॉलरनं वाढवायचं ठरलं. त्यात सगळ्या देशांनी मिळून प्रत्यक्ष भरायचे फक्त ७.५ अब्ज होते, उरलेले ५२.६ अब्ज हमीचे.

दुसरी गोष्ट म्हणजे निधीची पुनर्भरणी. जागतिक बँकेची आयडीए ही शाखा गरीब देशांना सवलतीचं कर्ज आणि अनुदान देते. तिच्याकडचा पैसा वाटपात जातो, म्हणून देणगीदार देश साधारण दर तीन वर्षांनी बसून नवी रक्कम कबूल करतात. डिसेंबर २०२४ मध्ये ठरलेली एकविसावी फेरी १०० अब्ज डॉलरची आहे. त्यात देणगीदारांचे सुमारे २३.७ अब्ज, बाकी बँक बाजारातून आणि जुन्या कर्जांच्या परतफेडीतून उभे करते. रोमची आयफॅड (आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी), म्हणजे आपल्याकडच्या केम आणि तेजस्विनी या प्रकल्पांमागची संस्था, तीही अशाच तीन वर्षांच्या फेऱ्यांवर चालते. भारत अनेक दशकं आयडीएचा मोठा कर्जदार होता. २०१४ मध्ये तो त्या यादीतून बाहेर पडला आणि आता देणाऱ्यांच्या रांगेतही आहे.

हमीचं भांडवल बँकेनं खरंच मागितलं तर?

आयबीआरडीनं आजवर एकदाही मागितलेलं नाही. मागितलं तर ते आंतरराष्ट्रीय करारानं बांधलेलं देणं आहे, सरकारला टाळता येणार नाही. बँकेच्या रोख्यांना सर्वोच्च पतमानांकन मिळतं त्याचं एक मोठं कारण ही हमीच आहे. म्हणून "भारतानं अमुक अब्ज डॉलर दिले" असं वाचलं की आधी एक गोष्ट तपासावी : हा आकडा एकूण भागांचा की प्रत्यक्ष भरलेल्या रकमेचा?

एआयआयबीचं, म्हणजे आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेचं, उदाहरण घ्या. भारताचे भाग सुमारे ८.३७ अब्ज डॉलरचे आहेत, चीनच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकाचे. पण भरायची रक्कम त्याच्या २० टक्के, म्हणजे सुमारे १.६७ अब्ज, आणि तीही पाच हप्त्यांत. या दोन आकड्यांत पाच पटींचं अंतर आहे.

मंजुरी देण्याचा अधिकार कुणाला आहे?

करार करण्याचा अधिकार केंद्राच्या कार्यकारी शाखेला आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतली संघसूची परराष्ट्र व्यवहार आणि परदेशांशी करार हे विषय केंद्राकडे देते. अनुच्छेद ७३ नुसार त्या विषयांवर केंद्र सरकार काम करू शकतं आणि अनुच्छेद २५३ नुसार करार अमलात आणण्यासाठी संसद कायदा करू शकते. करार करण्याआधी संसदेची परवानगी घेतलीच पाहिजे, असं आपल्याकडे बंधन नाही.

पैशाला मात्र संसदेशिवाय वाट नाही. अनुच्छेद ११४(३) नुसार विनियोजन कायद्याशिवाय (खर्चाला संसदेची परवानगी देणारा कायदा) संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, एक रुपयाही काढता येत नाही. मंत्रिमंडळानं होकार दिला, अर्थमंत्र्यांनी परदेशात जाऊन कबूल केलं, तरी लोकसभेनं मागणी मंजूर करून विनियोजन कायदा होईपर्यंत ते सरकारचं वचन असतं, खर्चाची परवानगी नसते.

काही संस्थांसाठी स्वतंत्र कायदे आहेत. १९४५ चा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व बँक कायदा भारताची वर्गणी भरण्याची आणि त्यासाठी बिनव्याजी वचनचिठ्ठ्या काढण्याची तरतूद करतो. शिवाय आयएफसीसाठी (जागतिक बँक समूहाची खासगी उद्योगांना वित्त देणारी शाखा) १९५८ चा, आयडीएसाठी १९६० चा, आशियाई विकास बँकेसाठी (एडीबी) १९६६ चा, आफ्रिकी विकास निधी आणि बँकेसाठी अनुक्रमे १९८२ व १९८३ चा. यातल्या काहींचा मुख्य विषय त्या संस्थांना भारतात मिळणारी सूट आणि संरक्षण हा आहे.

कागद कोणत्या क्रमानं हलतो?

सुरुवात बँकेत होते. तिथलं संचालक मंडळ भांडवलवाढीचा प्रस्ताव तयार करतं आणि तो गव्हर्नर मंडळापुढे मतदानाला जातो. जागतिक बँकेच्या गव्हर्नर मंडळावर भारताच्या वतीनं अर्थमंत्री असतात, पर्यायी गव्हर्नर आर्थिक कार्य विभागाचे सचिव. वॉशिंग्टनच्या रोजच्या संचालक मंडळात भारत, बांगलादेश, भूतान आणि श्रीलंका या चार देशांचा मिळून एकच कार्यकारी संचालक बसतो.

मग दिल्लीत अर्थ मंत्रालयाचा आर्थिक कार्य विभाग टिपण तयार करतो : किती भाग, किती भरणा, किती हमी, हप्ते किती आणि कोणत्या वर्षी. खर्च विभागासह संबंधित मंत्रालयांचे अभिप्राय घेतले जातात आणि प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे जातो. मंजुरीनंतर सदस्यत्वाचं किंवा अंशदानाचं औपचारिक पत्र बँकेकडे जमा होतं. देश कायद्यानं बांधला जातो तो या पत्रानं. भाषणात जाहीर केलेला आकडा तेवढा पक्का नसतो. पुनर्भरणीच्या पत्रांत एक सोय असते : काही देश पूर्ण रकमेचं बिनशर्त पत्र देतात, तर काही "आमच्या संसदेनं तरतूद केली तर" अशी अट घालून देतात. सशर्त पत्रातली रक्कम बँकेला लगेच खात्रीची धरता येत नाही.

त्याच वेळी अर्थसंकल्पात तरतूद करावी लागते. ही रक्कम आर्थिक कार्य विभागाच्या मागणीत असते, आणि भागभांडवलासाठीचं मुख्य शीर्ष ५४६६, आंतरराष्ट्रीय वित्तीय संस्थांमधील गुंतवणूक. पाचानं सुरू होणारं शीर्ष असल्यानं हा भांडवली खर्च आहे. महसुली तुटीत तो येत नाही, राजकोषीय तुटीत येतो.

लोकसभेत मतदान होतं, पण वेळेअभावी बहुतेक विभागांच्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात. त्याला गिलोटिन म्हणतात. आर्थिक कार्य विभागाची मागणी त्यात गेली, तर परदेशी बँकेतल्या हजारो कोटींच्या हिश्श्यावर सभागृहात एक वाक्यही बोललं जात नाही. अर्थविषयक स्थायी समिती मागण्या तपासून अहवाल देते, हाच काय तो आधार. आमच्या मते भांडवलवाढीसारख्या अनेक वर्षं बांधून ठेवणाऱ्या निर्णयावर तरी सभागृहात वेगळी चर्चा व्हायलाच हवी.

हप्त्यांची रचना एकदा नीट समजावून सांगाल का?

न्यू डेव्हलपमेंट बँक, म्हणजे ब्रिक्स देशांची शांघायची बँक, यासाठी सर्वांत सोपी आहे. जुलै २०१४ च्या फोर्टालेझा करारानुसार सुरुवातीचं भांडवल ५० अब्ज डॉलर, पाच देशांत समान, म्हणजे प्रत्येकी १० अब्ज. त्यातले २ अब्ज भरायचे, ८ अब्ज हमीचे. भरायच्या २ अब्जांचे सात हप्ते पाडले : १५ कोटी डॉलर, २५ कोटी, मग तीन वेळा ३० कोटी आणि शेवटचे दोन ३५ कोटींचे. बेरीज २०० कोटी.

आता यातला ३० कोटी डॉलरचा एक हप्ता घेऊ. समजा तरतूद करताना डॉलर ७५ रुपये धरला, तर २,२५० कोटी रुपये लागतात. पैसे पाठवायच्या दिवशी तो ८५ झाला असेल तर २,५५० कोटी लागतील. मधले ३०० कोटी पुरवणी मागणीतून किंवा त्याच मागणीतल्या दुसऱ्या बचतीतून उभे करावे लागतात. करारातला आकडा डॉलरचा आणि अर्थसंकल्पातला रुपयाचा असल्यामुळे ही ओढाताण ठरलेली आहे. दरवर्षीच्या तरतुदीत दिसणाऱ्या चढउतारामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

सगळी रक्कम लगेच परदेशात जाते का?

नाही. पुष्कळदा सरकार रोख पैशाऐवजी बिनव्याजी, हस्तांतर न होणारी वचनचिठ्ठी देतं, आणि बँकेला गरज पडेल तशी ती वटवली जाते. आयडीएच्या बाबतीत वटवण्याचं वेळापत्रक अनेक वर्षांचं असतं. त्यामुळे मंजुरीचं वर्ष, चिठ्ठीचं वर्ष आणि रोकड जाण्याचं वर्ष अशी तीन वेगळी वर्षं येऊ शकतात. जुळवणी करताना इथेच गल्लत होते.

हप्ता चुकला तर काय होतं?

बँकेनुसार बदलतं. एआयआयबीच्या घटनेत स्पष्ट आहे की थकबाकी असेपर्यंत त्या देशाची भागांवरची मतं त्या प्रमाणात कमी होतात. भांडवलवाढीतले भाग मुदतीत घेतले नाहीत तर इतर देशांच्या तुलनेत हिस्सा घसरतो आणि मतही हलकं होतं.

आपल्याकडे अडचण येते ती बहुधा वेळेची. केंद्राचं वर्ष एप्रिल ते मार्च, जागतिक बँकेचं जुलै ते जून. ३१ मार्चला न वापरलेली तरतूद संपते आणि पुढच्या वर्षी ती नव्यानं मागावी लागते. निवडणुकीच्या वर्षात आधी लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांपुरती खर्चाची मंजुरी, येतं. त्यात नेहमीचा खर्च भागतो, नवा हप्ता बसवणं अवघड जातं.

अमेरिकेत ही अडचण आणखी टोकाला जाते. तिथे काँग्रेसनं आधी सहभागाला अधिकार द्यायचा आणि मग वेगळ्या कायद्यानं पैसा द्यायचा, अशा दोन पायऱ्या आहेत. पहिली झाली आणि दुसरी अडली की कबूल केलेली रक्कम वर्षानुवर्षं थकते.

महाराष्ट्र सरकार यात पैसे भरतं का? ते थेट जागतिक बँकेकडून कर्ज घेऊ शकतं का?

दोन्हींचं उत्तर नाही. सदस्य देश असतात, राज्यं नाहीत. आणि अनुच्छेद २९३ राज्यांना भारताच्या हद्दीतच कर्ज काढू देतो. म्हणून कर्जाचा करार केंद्र करतं, प्रकल्पाचा करार राज्याबरोबर होतो आणि रक्कम केंद्रामार्फत राज्याला मिळते. २००५ पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांना हे कर्ज मूळ अटींवरच दिलं जातं. त्यामुळे व्याज, मुदत आणि चलनाच्या चढउताराची जोखीम तिन्ही राज्याच्या माथी असतात.

मग पोकराचे पैसे अनुदान की कर्ज?

कास्तकाराला अनुदान, सरकारला कर्ज. पोकरा म्हणजेच नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. त्याच्या पहिल्या टप्प्याला आयबीआरडीनं २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलर मंजूर केले, म्हणजे खर्चाच्या सुमारे ७० टक्के. उरलेले ३० टक्के राज्याचे. परतफेडीची मुदत २४ वर्षांची आणि त्यात पहिली सहा वर्षं मुद्दल नाही. विदर्भातले अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशिम, यवतमाळ आणि वर्धा हे सहा जिल्हे त्यात होते. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातली गावंही होती, जिथे विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही आणि शेततळ्याशिवाय संरक्षित ओलित होत नाही. दुसऱ्या टप्प्यात नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीही आले.

स्मार्ट प्रकल्पाचा आराखडा २,१०० कोटींचा : १,४७० कोटी जागतिक बँकेचं कर्ज, ५६० कोटी राज्याचे आणि ७० कोटी खासगी सामाजिक दायित्वातून अपेक्षित. मॅग्नेटला आशियाई विकास बँकेचं १० कोटी डॉलरचं कर्ज आहे. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचं जर्मन आणि फ्रेंच कर्ज मात्र या यादीत धरू नका. ते एकेका देशाच्या संस्थेचं आहे, बहुपक्षीय बँकेचं नाही.

"जागतिक बँकेचा पैसाच आला नाही, म्हणून तुमचं अनुदान थांबलं" असं तालुक्याला सांगतात. खरं असतं का?

क्वचित. पद्धत बहुधा उलटी असते : राज्य आधी आपल्या अर्थसंकल्पातून खर्च करतं, हिशेब पाठवतं, आणि केंद्राच्या साहाय्य लेखा व लेखापरीक्षा नियंत्रक कार्यालयामार्फत मागणी गेल्यावर बँक तिचा वाटा देते. म्हणून अनुदान अडलं तर आधी हे पाहावं.

राज्याची तरतूद झाली का आणि ती बीम्स या राज्याच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर जिल्ह्याला वितरित झाली का? मार्चअखेर आणि एप्रिल-मे या काळात इथेच सर्वांत जास्त खोळंबा होतो. राज्याचा ३० टक्के वाटा कमी पडला तर तो पुरवणी मागण्यांतून येतो, आणि डिसेंबरच्या पुरवणी मागण्या आपल्या नागपूरच्या अधिवेशनातच मांडल्या जातात.

तरतूद आहे आणि तरी पैसे नाहीत, तर दोष बहुधा फाईलमध्ये असतो. पूर्वसंमतीच्या तारखेआधीचं बिल ही सर्वांत नेहमीची चूक. पूर्वसंमती येण्याआधी ठिबक किंवा पंप विकत घेतला तर ते बिल बाद होतं, मग माल कितीही चांगला असो. दुसरी नावाची : सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं, बँक खात्यात तिसरं. तिसरी खात्याची : जुन्या खात्याला आधार जोडलेलं असतं आणि कास्तकार नव्या खात्यात पैसे शोधत बसतो. हे तिन्ही गावातच निस्तरता येतं, वॉशिंग्टनला दोष देऊन उपयोग नाही.

भारतानं जास्त पैसे भरले तर विदर्भाला जास्त प्रकल्प मिळतील?

असा थेट संबंध नाही. भरलेलं भांडवल कुठल्याही देशाच्या नावानं राखून ठेवलेलं नसतं आणि आयबीआरडी त्यावर लाभांशही देत नाही. मिळतो तो मताचा अधिकार, आणि भांडवलाच्या कितीतरी पट कर्ज बाजारातून उचलून देण्याची बँकेची ताकद वाढते. प्रकल्प मिळतो तो राज्यानं प्रस्ताव तयार करून केंद्राकडून पुढे नेला तर.

जुना दाखला आहे. १९४९ मध्ये भारताला पहिली कर्जं मिळाली : रेल्वेसाठी ३.४ कोटी डॉलर आणि शेतीयंत्रांसाठी १ कोटी. दुसऱ्या कर्जातले ट्रॅक्टर मध्य भारतातल्या कांस गवतानं माजलेल्या जमिनी मोकळ्या करण्यासाठी होते. कांस ज्यांनी वावरात पाहिली आहे त्यांना ते काम बैलजोडीचं नव्हतं हे सांगायला नको.

हे आकडे मला स्वतः पाहायचे आहेत. कुठे मिळतील?

केंद्राच्या अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर (इंडियाबजेट डॉट गव्ह डॉट इन) खर्चाच्या अर्थसंकल्पात आर्थिक कार्य विभागाची मागणी उघडा आणि आंतरराष्ट्रीय वित्तीय संस्थांची ओळ शोधा. तिथे मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ व सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे चार स्तंभ असतात. मूळ आणि सुधारित यांतला फरक नक्की टिपा, हप्ता पुढे ढकलला की तिथेच कळतं. प्रत्यक्ष भरलेली एकूण गुंतवणूक केंद्राच्या वित्तलेख्यांत मिळते. हमीची रक्कम अर्थसंकल्पाच्या खर्चात शोधू नका, ती बँकांच्या वार्षिक अहवालात देशवार दिलेली असते.

माहितीचा अधिकार वापरता येईल का?

येईल. वर्गणीबद्दल अर्ज केंद्राच्या आर्थिक कार्य विभागाकडे, प्रकल्पाच्या खर्चाबद्दल राज्याच्या प्रकल्प कार्यालयाकडे. दोन्ही एका अर्जात घातले की अर्ज इकडून तिकडे फिरत राहतो. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला माफ. उत्तराची मुदत ३० दिवस, न आल्यास किंवा अपुरं आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

प्रश्न नेमका विचारा. "जागतिक बँकेला किती पैसे दिले?" याला गोल उत्तर येतं. "अमुक आर्थिक वर्षात मुख्य शीर्ष ५४६६ खाली प्रत्येक संस्थेला रोखीनं किती आणि वचनचिठ्ठीनं किती दिलं, तारखांसह" असं लिहा. मंत्रिमंडळ टिपण निर्णय होईपर्यंत मिळत नाही. निर्णय पूर्ण झाल्यावर कलम ८(१)(झ) चा अडथळा राहत नाही, फक्त परदेशी सरकारकडून विश्वासानं मिळालेली माहिती वगळली जाऊ शकते.

खासदारांमार्फत प्रश्न विचारणं हा दुसरा मार्ग. विदर्भात लोकसभेच्या दहा जागा आहेत. प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच लेखी मजकूर तयार करून द्या. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येतं, आकड्यांसाठी तेच सोयीचं.

प्रकल्पामुळे नुकसान झालं तर थेट बँकेकडे तक्रार करता येते का?

येते. आधी प्रकल्पाच्या स्थानिक तक्रार निवारणाकडे लेखी द्या आणि पोच जपून ठेवा. तिथे दाद न मिळाल्यास जागतिक बँकेची तक्रार सेवा आहे, आणि बँकेनं स्वतःची धोरणं मोडल्यामुळे नुकसान झालं असेल तर तपासणी पॅनेल. हे पॅनेल १९९३ मध्ये स्थापन झालं. त्यामागे सरदार सरोवराच्या विस्थापितांचा लढा आणि त्या प्रकल्पाची तपासणी करणाऱ्या मोर्स आयोगाचा १९९२ चा अहवाल होता. त्या प्रकल्पाचं उरलेलं कर्ज भारतानं १९९३ मध्ये सोडून दिलं.

पॅनेलकडे किमान दोन बाधित व्यक्तींनी मिळून अर्ज करावा लागतो. वकील लागत नाही, फी नाही आणि अर्ज मराठीत चालतो. नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. अर्जात गाव, प्रकल्पाचं नाव, काय नुकसान झालं आणि आधी कुणाकडे केव्हा दाद मागितली हे लिहायचं, सोबत पोचपावत्या जोडायच्या. अनुदान उशिरा आलं, निविदेत पक्षपात झाला अशा तक्रारी पॅनेल घेत नाही. निविदेतल्या भ्रष्टाचारासाठी बँकेचा सचोटी विभाग वेगळा आहे, आणि अनुदानाच्या विलंबासाठी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालय.